रॉझलिनच्या तोंडचे शब्द

दुपारी टपालपेटी उघडायला गेलो होतो, एवढंच. सुरुवात तिथून झाली. तुम्हाला खरं वाटो न वाटो.

हॉलिवूडशेजारच्या बरबँकमध्ये मी बरीच वर्षं सुपरहिरोंचे सिनेमे लिहिले. तिथे एकच गोष्ट अंगात मुरली, काटछाट. चेहरा जे सांगतो ते तोंडाने वदवायचं नाही. पुढे सिनेमावाल्यांनी मलाच छाटलं, तेव्हा मुकाट्याने जुन्या कॉमिक्सकडे परतलो. आमचा चित्रकार गस. मी त्याला गोष्ट सांगायची, त्याने आधी चित्रं काढून संवादांचे फुगे रिकामे सोडायचे, मग मी ते भरायचे.

त्या दिवशी पेटीत त्याची पानं होती. नायकाची बायको इस्पितळात. माझी बायको रॉझलिनही तेव्हा इस्पितळातच पडून होती, पक्षाघाताच्या झटक्यानंतर वाचा गेलेली. गसने चेहरा सरळ तिचाच काढला होता. मला राग नाही आला, रडू आलं. पहिल्या फुग्यात लिहिलं, 'उशी बदल ना रे, मान अवघडलीय.'

संध्याकाळी तिच्याजवळ बसलो होतो. तिने डोळे उघडले.

"उशी बदल ना रे, मान अवघडलीय."

नर्सला आनंद झाला. मी घरी आलो आणि रोज एकेक फुगा भरत गेलो. ती रोज तेवढंच बोले, शब्दाला शब्द.

शेवटच्या चौकटीत ती नायकाचा हात धरते. 'मला सोडू नकोस,' मी लिहिलं, आणि मला ते भडक वाटलं. डोळे सांगतायत की! सवयीने खोडलं, पानं छापायला धाडली. दुसऱ्या दिवशी रॉझलिन माझा हात धरून नुसतं तोंड उघडत-मिटत राहिली. मग तिचा श्वासही अडखळू लागला.

मी गसला फोन केला. "अजून एक पान काढ. ती घरी आलीय असं."

"अंक छापायला गेला, डेल. डोकं फिरलंय का तुझं?"

"हात जोडतो रे..."

"बरं बाबा. आपल्या धंद्यात मेलेलीही परत येतात, ही तर नुसती आजारी."

पान आलं. स्वयंपाकघर आमचंच, ती ओट्याशी पाठमोरी. मी पुन्हा फोन लावला.

"चेहरा का नाही काढलास?"

"काढला होता... पुन्हा पुन्हा काढला. दर वेळी मेल्यासारखाच उतरला. बघवेना, म्हणून वळवली तिला."

मी फुग्यात लिहिलं, 'डेल, मी आले रे घरी.' शाई वाळायच्या आत इस्पितळाचा फोन आला. रॉझलिन गेली होती.

फोन अजून कानालाच होता. स्वयंपाकघरातून आवाज आला.

"डेल, मी आले रे घरी."

तेव्हापासून ती ओट्याशी उभी आहे, पाठमोरी. त्याच पानावर मी नवे फुगे चिकटवतो, मी लिहीन तेच ती बोलते. लिहिलं नाही तर ती जाईल, आणि तिच्याशिवाय मला जगता येत नाही.

आज मात्र मी काहीच लिहिलं नव्हतं. तरी ती हळूच म्हणाली, "डेल... गसला सांग ना, माझा चेहरा पुन्हा काढ म्हणून."