खाली म्हणजे खाली

"बिबट्या दिसला तर कोणी ओरडायचं नाही," चंदन म्हणाला. "आणि निलय, तू तर तोंडच उघडायचं नाहीस."

"मीच का?"

"तू नुसता चिवडा खाल्लास तरी दोन गल्ल्या ऐकू जातं म्हणून."

दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. जयपूरच्या आदर्श नगरातल्या मराठी मंडळाच्या पायऱ्यांवर बसून तिघांचा झालानाच्या जंगलात जायचा बेत चालला होता. तेरा वर्षांची प्रज्ञा बेत आखत होती, तिचा धाकटा भाऊ निलय त्यात खाण्याचे पदार्थ घालत होता आणि चंदन दोघांना नावं ठेवत होता. चंदनचे बाबा फौजेत सुभेदार. हा पठ्ठ्या गळ्यात दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह घालून हिंडायचा. कोणी ताईत म्हणून चिडवलं तर म्हणायचा, "ताईतापेक्षा कामाचा आहे."

"निलय, आत जा आणि अनुसयामावशीकडून लाडू आण," प्रज्ञाने फर्मावलं.

निलय गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने, हात हलवत परत आला. "लाडू संपले. मावशी म्हणाली, लाडू खाली आहेत."

"अरे शहाण्या, खाली म्हणजे कपाटाच्या खालच्या फळीवर. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. मराठीतलं खाली म्हणजे नीचे."

"मतलब, आहेत?"

"आहेत. घरात काय बोलतात तेही ऐकत जा कधी."

एरवी असल्या घोटाळ्याला मावशी पोट धरून हसली असती. आज आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून प्रज्ञा उठून आत गेली.

अनुसयामावशी मंडळाचा स्वयंपाक आणि झाडलोट बघायची. मूळची मंगळवेढ्याची. नवरा फौजेतून जयपुरात निवृत्त झाला आणि तीही इथलीच झाली. साठी उलटल्यावर, म्हणजे भले भले वाचणं सोडून देतात त्या वयात, ती तळमजल्यावरच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर अक्षरं शिकली. आता ती त्याच टेबलासमोर बसली होती. टेबल मोकळं होतं. धुळीत कॉम्प्युटरच्या मापाचा एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

"माझं लिखाण गेलं, पोरी," ती म्हणाली. "कॉम्प्युटर भंगारात घातला म्हनं."

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मावशीने आठ महिने खपून, एका बोटाने, एक लेख लिहिला होता. तिच्या आयुष्यातला पहिला. अंक उद्या सकाळी छापायला जायचा होता.

प्रज्ञा तडक वर गेली. मागोमाग चंदन, आणि त्याच्यामागे तोंडात लाडू घेतलेला निलय.

वरच्या खोलीत मंडळाचे सचिव उमाकांतकाका बसत. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. बँकेच्या हिंदी पखवाड्यात मिळालेलं निबंधाचं पहिलं बक्षीस त्यांनी काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं, आणि ते नीट दिसावं म्हणून देवाचं कॅलेंडर दाराआड सरकवलं होतं.

"काका, वाचनालयातला कॉम्प्युटर कुठे गेला?"

"मंडळाचे तिन्ही मेले," काका चष्म्यावरून म्हणाले. "कंपनीने त्या जुन्या सिस्टीमची देखभाल बंद केली. बातम्या वाचत नाही वाटतं तुम्ही? मालवीय नगरच्या दुरुस्तीवाल्या नीरजजींकडे पाठवले, त्यांनी तपासले. तिन्ही डेड. आता नवे घ्यायचे."

"तिन्ही एकाच दिवशी मेले?" चंदनने विचारलं. "साथ आली होती का?"

"फाजीलपणा नको."

"काका, देखभाल बंद झाली म्हणजे यंत्र मरत नाही. आतली सिस्टीम तेवढी जुनी होते, सुरक्षित राहत नाही. ती काढायची आणि लिनक्स घालायचं. जगभरच्या माणसांनी मिळून बनवलंय. आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. लपवाछपवी नाही. आमच्या शाळेत तेच आहे. आणि फुकट आहे."

"फुकट ते पौष्टिक," काका नाकातून हसले. "बाळा, मी सदतीस वर्षं बँकेत काढली आहेत. जे फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असते."

"गणपतीचा प्रसाद फुकटच असतो," निलय लाडू गिळून म्हणाला. "तुम्ही दोनदा घेता."

काकांनी त्याच्याकडे माशीकडे बघावं तसं बघितलं.

"आणि मावशीचा लेख?" प्रज्ञाने विचारलं.

"कसला लेख? मी नीरजजींना बजावलं होतं, आत असेल ते उतरवून घ्या. हे बघ त्यांचं उत्तर." त्यांनी फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'दो मशीनों का डेटा ले लिया। तीसरी खाली थी।' "कळलं? रिकामी होती. बाईंनी हौसेने चार अक्षरं बडवली असतील. एखादी पाककृती सांगा म्हणावं, शेवटच्या पानावर घालू कोपऱ्यात."

प्रज्ञाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने तो लेख स्वतः पाहिला होता. रिकामी कशी असेल? उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर टेबलावर गेली. तिथे शाई सांडून वाया गेलेली एक चिठ्ठी पेल्याखाली घातली होती. काकांच्या वळणदार अक्षरात तिच्यावर एकच शब्द होता: 'खाली'.

"ही कसली चिठ्ठी, काका?"

"कॉम्प्युटर परत आल्यावर आपापल्या जागी जायला नकोत? दोघांवर 'वर' अशी चिठ्ठी चिकटवून पाठवली, एकावर 'खाली'. शिस्त म्हणतात याला. तुमच्या पिढीला नाही कळायची."

प्रज्ञाने चिठ्ठीकडे पाहिलं. मग लाडवाची बोटं चाटणाऱ्या निलयकडे पाहिलं. "बरोबर, काका," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "येतो आम्ही."

जिन्यात तिने दोघांना थांबवलं. "नीरजजींनी ते यंत्र उघडलेलंच नाही. चिठ्ठी वाचली आणि मोकळे झाले. मराठी चिठ्ठी, हिंदी डोळ्यांनी."

"आणि लिहिणारा हिंदीत पहिला आलेला," चंदन म्हणाला.

"म्हणजे लेख अजून आत आहे," निलय म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "पण रिकामं समजून त्यांनी पुसून टाकलं तर?"

बेत तिथेच बदलला. बिबट्या काही पळून जात नव्हता. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं, कडी लावली आणि चौघं मालवीय नगरची बस धरून निघाले.

नीरजजींचं दुकान कोचिंग क्लासांच्या गर्दीत होतं. दारात कीबोर्डांचा ढीग, आत वायरींचं जंगल, आणि मधोमध नीरजजी स्वतः समोशाचा समाचार घेत बसलेले. त्यांच्यासमोर एका कॉम्प्युटरवर क्रिकेटचा सामना रंगात आला होता. कॉम्प्युटरच्या अंगावर अर्धवट फाटलेली चिठ्ठी होती: 'वर'.

प्रज्ञाने चंदनला कोपर मारलं. मेलेलं यंत्र चांगलं षटकार दाखवत होतं.

"अंकल, आम्ही मराठी मंडळाकडून आलो," ती हिंदीत म्हणाली. "आमचे तीन कॉम्प्युटर..."

"डेड," नीरजजी म्हणाले. समोसा खाली ठेवायची तसदी त्यांनी घेतली नाही. "तीनों डेड। बता दिया था।"

"हो, पण त्यातला एक आम्हाला शेवटचा बघायचा होता."

"ती बघा, कोपऱ्यात," ते हिंदीतच म्हणाले. "लवकर बघा, आता साफ करायची आहे. संध्याकाळी समोरच्या क्लासवाल्यांकडे जाणार."

"मेलेली?" निलयने भाबडेपणाने विचारलं.

नीरजजींचं चावणं थांबलं. काउंटरपाशी उभी असलेली दोन कॉलेजची मुलं वळून बघायला लागली.

मावशीने कोपऱ्यातलं यंत्र लांबूनच ओळखलं. खंडेनवमीला तिने त्याची पूजा केली होती, हळदीकुंकवाची दोन बोटं अजून तशीच होती. खाली चिठ्ठी: 'खाली'.

"अंकल, यंत्र मेलेलंच आहे, तर आम्ही हात लावून काय बिघडणार?" प्रज्ञा म्हणाली. "याच्याकडे एक पेन ड्राइव्ह आहे. लावून बघू?"

नीरजजींनी चंदनच्या गळ्यातल्या दोरीकडे बघितलं आणि ते गिऱ्हाइकांना डोळा घालून हसले. "लगाओ, लगाओ। पंधरा साल से यही कर रहा हूँ, अब बच्चे सिखाएँगे। चल जाए तो तीनों ले जाना।"

"तिन्ही?"

"तीनों।"

"तुम्ही ऐकलंत ना, भैया?" प्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना विचारलं. ती दोघं मजेत मान डोलवत होती.

चंदनने वायरी जोडल्या, पेन ड्राइव्ह लावला आणि यंत्र सुरू होताच एक कळ दाबून धरली. पडदा काळा झाला. नीरजजींनी उरलेला समोसा तोंडात टाकला. पडदा काळाच राहिला. प्रज्ञा पडद्याजवळ सरकली. एवढ्यात पुसून झालं असेल तर? नीरजजींनी कंटाळा केला नसता आणि कालच काम उरकलं असतं तर?

पडद्यावर एक ठिपका फिरू लागला. मग निळं उजेडलं.

"ही सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालते," चंदन मावशीला हळूच म्हणाला. "यंत्रातल्या कशाला धक्का लावत नाही. आधी बघायचं, मग ठरवायचं."

मावशी मात्र ऐकत नव्हती. ती पुढे वाकून अक्षरं लावत होती. "घर... दस्तऐवज... कचरापेटी." ती चमकून मागे झाली. "ह्यो तर मराठी बोलतोय. इतके दिस मी नुसती चित्रं बघून चालवत हुते."

"मी मराठी निवडून ठेवली आहे. फुकटात तीही येते."

यंत्राच्या पोटातले कप्पे उघडले. त्यात एक कप्पा 'अनुसया' नावाचा. त्यात एकच फाइल. मावशीने स्वतः उघडली आणि भर दुकानात, एकेक शब्दावर बोट ठेवत, वाचायला सुरुवात केली:

"आमच्या गल्लीत टाकीवाली यायची. पाटे, जाती ठोकून खरबरीत करून द्यायची. तिला अक्षर येत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण दगडावर ती जे ठिपके पाडायची, ते मला लिहिल्यासारखे दिसायचे."

कॉलेजच्या मुलांना शब्द कळले नाहीत, पण ती जवळ सरकून ऐकू लागली.

"मुझे लगा खाली है," नीरजजी पुटपुटले.

"खालीच होती," प्रज्ञा म्हणाली. "तळमजल्यावर." आणि तिने त्यांना मराठीतला 'खाली' हिंदीत समजावून सांगितला. पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाने चिठ्ठी वाचून कॉम्प्युटर तपासला, हे गिऱ्हाइकांच्याही लक्षात आलं. त्यातला एकजण आपला दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप हळूच परत मागू लागला.

मावशीने पदर खोचला. "पाटा गुळगुळीत झाला म्हनून कुनी उकिरड्यावर टाकतं व्हय? टाकी लावून घ्यायची असती. इवढं बी कळंना?"

"क्या कह रही हैं?" नीरजजींनी विचारलं.

"मौसी कह रही हैं, क्रिकेट बंद कीजिए," चंदन म्हणाला, "वो वाली भी हमारी है।"

तिन्ही कॉम्प्युटर ऑटोतून मंडळात आले. तिसऱ्या प्रहरापर्यंत चंदनने सगळं लिखाण उतरवून घेऊन तिघांतही नवी सिस्टीम बसवली. बातमी लागताच मंडळाच्या अध्यक्ष मधुमतीताई आल्या. त्या एका कर्नलसाहेबांच्या पत्नी, कमी बोलणाऱ्या. त्यांनी उभ्याउभ्या मावशीचा लेख वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि म्हणाल्या, "हा पहिल्या पानावर जाईल."

"तिथे माझं मनोगत आहे," उमाकांतकाका म्हणाले.

"शेवटच्या पानावर कोपरा मोकळा आहे ना? पाककृतीचा." मधुमतीताईंनी ती यंत्रावरची 'खाली'ची चिठ्ठी हातात घेतली. "उमाकांतराव, तुमच्या बक्षिसाच्या निबंधाचा विषय काय होता हो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "शब्दों का सही प्रयोग," ते म्हणाले.

मधुमतीताईंनी ती चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

मग त्यांनी तिन्ही मुलांना समोर उभं केलं. "तुम्ही आज एक लेख वाचवलात. त्याहून मोठं म्हणजे, मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून ते खरं धरलं नाहीत. शाब्बास." काकांनाही शाब्बास म्हणावं लागलं. नाइलाजाने म्हणाले, पण म्हणाले. मावशीने मात्र शाब्बास म्हटलं नाही. तिने प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"जा रं पोरांनो," शेवटी ती म्हणाली. "भूक लागली आसंल. लाडू खाली हायती."

निलय दोन पावलं पळाला आणि वळून उभा राहिला.

"मावशी," त्याने विचारलं, "कुठल्या भाषेत?"