रिकाम्या फळीचं वजन

साधी फोर्कलिफ्ट सगळ्यांनी पाहिलेली असते. ती ओझं सरळ वर उचलते, बस्स. टेलिस्कोपिक मशीनचा हात मात्र जुन्या रेडिओच्या एरियलसारखा पुढे सरकत जातो. मध्ये खड्डा असो, चिखल असो, विटा थेट चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवतो. हात जितका लांब, तितकं ओझं कमी झेपतं. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, कळेल. म्हणून केबिनमध्ये वजन दाखवणारा स्क्रीन असतो. ओझं जास्त झालं की भोंगा वाजतो आणि हात जागीच थांबतो.

मी या मशीन दुरुस्त करतो. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही.

परवा दुपारी ज्या बांधकामावर बोलावणं आलं, तिथेच काही महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. आमचा छोट्या. जिना उतरायचा कंटाळा, म्हणून तिथे सगळेच मशीनच्या हाताच्या टोकाला ओझं ठेवायची जी फळी असते, तिच्यावर उभे राहून खाली यायचे. दुसऱ्या मजल्याशी त्याचा तोल गेला. तेव्हापासून आई दाराला कडी लावू देत नाही. "तो यायचाय अजून," एवढंच म्हणते. तिच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

"रिकामी असली तरी वजन दाखवते," ऑपरेटरकाका म्हणाले. त्या दिवशीही मशीन तेच चालवत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

सेन्सर तपासला, वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत. मग मीच केबिनमध्ये बसलो आणि रिकामी फळी चौथ्या मजल्याला लावली. स्क्रीनवर शून्य. थोडा थांबलो. शून्याचे पन्नास किलो झाले.

छोट्या तेवढाच होता. काडीपैलवान म्हणून मी त्याला चिडवायचो.

फळी खाली घेऊ लागलो. दुसऱ्या मजल्याशी वजन एकदम गेलं. खाली काहीच पडलं नाही.

"रोज असंच," काका म्हणाले. "माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकायचा ना? एकदा हाक मारून बघा."

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही. तरी फळी पुन्हा वर नेली. वजन आलं.

"छोट्या, खाली बस," मी म्हणालो. "कडेला धर. घाई नाहीये."

तिसरा मजला.

दुसरा. आकडा थरथरला.

"धर नीट. मी आहे."

पहिला.

फळी जमिनीला टेकली आणि स्क्रीनवर शून्य आलं. काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

मी घरी निघालो. हत्यारांची पेटी मागे होती, शेजारची सीट रिकामी. तरी तिथला पट्टा लावा म्हणून गाडी टिकटिकत राहिली. शेवटी हात लांबवून मी तो लावला.

आईने दार उघडलं. मी आत आलो. ती दार धरून तशीच उभी राहिली, जराशी बाजूला सरकली, आणि मग स्वतःच्या हाताने कडी लावली.