निळ्या फरशीवरचं ऊन

त्या सकाळी दार वाजलं तेव्हा मला बोलायचं नव्हतं.

म्हणजे कुणावर राग होता असं नाही. माझा नेम होता. उठल्यापासून स्वयंपाकघरातल्या निळ्या फरशीवर ऊन येईपर्यंत मौन. आई होती तोवर ऊन येईपर्यंतच्या मौनाचा हा नेम तिचा. ती गेली तेव्हा तिचं शिवणयंत्र ताईनं घेतलं, आणि मौन मी.

दारात एक उंच माणूस उभा होता. बूट घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस चिकटलेले. फाटकावरची पाटी वाचून आलो म्हणाले, घर विकायचं आहे ना, पाहता येईल का?

पाटी मी आदल्या संध्याकाळीच लावली होती. इतक्या लवकर कुणी येईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी येऊच नये असं वाटत होतं. पण आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? मी मान हलवली, आणि त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "हो, जमीन सुंदरच आहे."

आणि बुटांसकट आत आले.

मी पुढे, ते मागे, आणि त्यांच्या मागे चिखलाची पावलं. बैठकीची खोली, जिना, वरची खोली. मी हातानं दाखवायचे, ते मान डोलवायचे. मला बोलता येत नसावं असा त्यांचा समज झाला असणार, कारण थोड्या वेळानं तेही हातवारे करू लागले. खिडकी उघडते का, हे विचारायला त्यांनी दोन्ही हात असे काही पसरले की ते पोहायला निघालेत असं वाटावं. मी ओठ दाबून धरले. मौनात हसू नये असं आईनं कधी सांगितलं नव्हतं… पण हसले असते तर बोललेही असते.

शेवटी आम्ही स्वयंपाकघरात आलो. खिडकीतून ऊन सरकत सरकत आलं आणि निळ्या फरशीला टेकलं.

"पाय पुसून यायचं होतं," मी म्हटलं.

ते एवढे दचकले की कपाटच बोललं असं त्यांना वाटलं असावं. मग मागे वळून त्यांनी आपली पावलं पाहिली, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. कुणाचे कान असे लाल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पाहतच राहिले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पोछा त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. पुसता पुसता मला नेमाबद्दल विचारलं, आणि मी सांगितलं तेव्हा हसले नाहीत. एवढंच विचारलं की ढग असले तर काय करता? मग दारात पहिलं जे माणूस येऊन दार वाजवेल त्याच्याशी बोलून मौन सोडायचं, मी म्हटलं, ही पळवाट आईचीच. त्यावर ते म्हणाले की ते गुराढोरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत. कोपऱ्यावरचा दवाखाना नुकताच त्यांनी चालवायला घेतलाय, आणि न बोलणाऱ्या पेशंटची त्यांना सवय आहे. बोलायला लागले तर मात्र ते घाबरतात.

"पण मग त्यांना कुठं दुखतंय ते कळतं कसं?" मी विचारलं.

"हात फिरवत जायचं. दुखरी जागा आली की ते आक्रसतात." पोछा पिळत ते थांबले. "तुम्ही जिन्याच्या कठड्यापाशी आक्रसलात."

मी चहा टाकायला वळले. तसं करायची काही गरज नव्हती, चहा कुणी मागितला नव्हता.

काय सांगू त्या कठड्याबद्दल? मी हे घर घेतलं तेव्हा ते वर्षानुवर्षं बंद होतं. छतात कबुतरं, भिंतींना ओल, आणि कठड्यावर रंगाचे इतके थर की खाली लाकूड आहे की लोखंड ते कळेना. मी वेताच्या खुर्च्या विणते. दिवसभर खुर्च्या, आणि संध्याकाळी खरवडणं. एका पावसाळ्यात जिन्याचा कठडा, पुढच्या हिवाळ्यात खिडक्या. रंग निघून सागाचं लाकूड उघडं पडलं त्या संध्याकाळी मी त्यावर गाल टेकून बसले होते. स्वयंपाकघराच्या जमिनीत एक फरशी फुटली, तिच्या जोडीची पांढरी कुठेच मिळेना, म्हणून दुकानातली उरलेली एकुलती एक निळी आणून बसवली. तात्पुरती म्हणून. ऊन नेमकं तिच्यावरच येतं हे कळल्यावर मात्र ती कायमची झाली.

आणि आता मी हे सगळं सोडून ताईच्या गावी निघाले होते. बाबा तिच्याकडे होते. त्यांना आता बरंचसं आठवत नाही. जेवलो की नाही ते आठवत नाही, ताईला कधी कधी ते आपली बहीण समजतात. पण रोज दिवेलागणीला दाराकडे बघत विचारतात, धाकटी आली का? ताईनं हे मला सांगितलं ते सहज, फोनवर, भाजी चिरता चिरता. ये असं ती एका शब्दानं म्हणाली नाही. त्या रात्री मी पाटी रंगवली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. म्हणे कपाटाची खोली मोजायची राहिली. मग एकदा नळाला धार किती येते ते बघायला, एकदा वरच्या खोलीत दुपारी उकडतं का ते बघायला. एकदा तर काहीच कारण सुचलं नाही, तेव्हा मांजराचं पिल्लू घेऊन आले आणि म्हणाले, याला घर दाखवायचं होतं. मी म्हटलं, पिल्लाचं काय मत पडलं? ते म्हणाले, घर पसंत आहे, पण मालकीण निघून चाललीय हे त्याला पटत नाही.

बूट आता ते बाहेरच काढायचे. मी मात्र त्यांच्यासमोर घराचे दोष सांगत राहायचे… दमट हवेत खिडकी अडकते, तिसरी पायरी कुरकुरते, वाऱ्याच्या दिवशी चिमणी उलटा धूर सोडते. लेकीच्या खोड्या आई सांगते ना, तशी. आणि ते ऐकत ऐकत माझ्या टोपल्यातला भिजवलेला वेत उचलून बोटाला गुंडाळत बसायचे. कोरडा वेत वाकवला तर मोडतो, भिजवला की मुकाट्यानं वळतो, हे मी त्यांना शिकवलं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, माणसाला किती वेळ भिजवावं लागतं? मी म्हटलं, खुर्चीपुरतंच मला कळतं.

व्यवहार ठरला. घर त्यांनीच घ्यायचं. सामान बांधायच्या आदल्या दिवशी ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, आणि म्हणाले,

"मी हे घर घेतलं नाही… तर तुम्ही राहाल?"

मी कठड्यावर हात ठेवून उभी होते. हो म्हणणं किती सोपं होतं. एवढंसं अक्षर, तोंडात आलेलंही होतं.

"घर दुसरं कुणीतरी घेईल," मी म्हटलं. "मी जाणारच. तिकडे कुणीतरी रोज दाराकडे बघतंय."

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मला ते कमी आवडले असते. त्यांनी विचारलं नाही म्हणून मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मनाचं हे असं, त्याला धड कुठलीच बाजू पुरत नाही.

निघताना किल्ल्या हातात देत मी उगाच हसून म्हटलं की नव्या जागेची अडचणच आहे, तिथली खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, ऊन कधी आलं ते कळायचंच नाही. मौन सोडायचं कधी?

"मी कळवेन," ते म्हणाले.

बोलण्याची एक रीत म्हणून म्हणाले असतील, असं मला वाटलं.

ताईच्या इमारतीत, तिच्याच मजल्यावर, तिच्या दारासमोर दोन खोल्या मिळाल्या. बाबांना मी माझ्याकडे घेतलं, म्हणजे ताईला निदान रात्रीची झोप तरी लागेल. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, धाकटी आली का? मी म्हटलं, आले बाबा. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई तुम्ही आलात, ती आली की तुम्हाला भेटवतो." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडी घासली. भांडी स्वच्छच होती.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. मी उचलून नुसताच कानाला लावला.

"पोचलं," पलीकडून आवाज आला.

त्या एका शब्दाबरोबर माझं अख्खं स्वयंपाकघर आत आलं… निळी फरशी, खिडकीची चौकट, उन्हात दिसणारी धूळ. मी भिंतीला टेकले.

"बरं," मी म्हटलं.

बस, एवढंच. पण मग ते रोजचंच झालं. कधी त्यात भर पडायची. खिडकी अडकली, पण तुम्ही दाखवलात तसा तळहातानं धक्का दिला. पिल्लू तिसऱ्या पायरीला घाबरतं. चिमणीनं धूर सोडला, मी तिला माफ केलं. मी सांगायचे की बाबा आता माझ्याबरोबर वेत भिजवायला बसतात, हात सराईत चालतात त्यांचे. ताई जाता येता ऐकायची. म्हणायची, तुझा कोंबडा आरवला वाटतं. मी म्हणायचे, कोंबड्याचं काय ताई, तो त्याचं काम करतो. ती म्हणायची, हो ना, आणि तू उजाडलेली असतेस ते दिसतंय.

अंधारात माझा हात अजून चुकायचा. दिव्याचं बटण उजवीकडे असताना डावीकडे जायचा. आणि जिना चढताना बोटं आपोआप एक कठडा शोधायची… मग थंड लोखंडाला लागून परत यायची. घराची आठवण येते, असं मी स्वतःला सांगायचे. घराचीच. घराच्या आठवणीनं फोन वाजायच्या आधीच जीव कानात का येऊन बसतो, ते मी स्वतःला विचारलं नाही.

मग एका सकाळी फोन वाजला नाही.

बाहेर आभाळ गच्च होतं. समोरची भिंत पावसानं काळी पडली होती. तिकडेही असंच असणार, मी मनाशी म्हटलं, ऊन नाही तर फोन कसला? मी वेत भिजत घातला, बाबांना चहा दिला. ताई आली, पण तिच्याजवळ किल्ली, ती दार वाजवत नाही, उघडतेच. काही तरी विचारलं तिनं, मी मान हलवली. अजून मौनच? ती म्हणाली. मी खिडकीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, अगं, तिकडचे ढग तिकडे, इकडे तुला विचारायला कोण येतंय? आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं माझ्या हातातली खुर्ची काढून घेतली आणि म्हणाली, चुकीचं विणतेयस. खरंच, सगळी वीण उलटी गेली होती.

ती गेली. पाऊस पडतच राहिला. एका सकाळच्या शांततेनं मला कळलं की रोज मी कशासाठी गप्प राहते. देवा, मी मनात म्हटलं, हा नेम अजून तुझ्यासाठीच आहे ना?

आणि दार वाजलं.

मी उघडलं. डॉक्टर उभे होते. केसांतून पाणी गळत होतं. बूट काढून त्यांनी भिंतीकडेला ठेवलेले, आणि पायात नुसते भिजके मोजे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. नियमानं आता बोलायचं होतं, आणि मला काही म्हणता काही सुचेना.

"ऊन आलं नाही," ते म्हणाले. "माझ्या पेशंटांनी काल दुपारीच सांगितलं होतं, गाई गोठ्याबाहेर निघेनात. म्हणून रात्रीच्या बसनं निघालो. ढग असले तर दार कुणीतरी वाजवावं लागतं, तुम्हीच म्हणाला होतात… दुसऱ्या कुणी वाजवलं असतं तर?"

मागून बाबांचा आवाज आला. ते टोपल्यापाशी बसले होते, हातात ओला वेत.

"धाकटे, बोल की. माणूस भिजलाय."

मी वळून पाहिलं. त्यांनी वर बघितलंही नाही, ते वेत सरळ करत होते. किती महिने मी या हाकेसाठी थांबले होते… आणि ती अशी सहज आली, जसं काही मी कधी गेलेच नव्हते.

"या," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

मी टॉवेल दिला, चहा दिला, वेताच्या नव्या खुर्चीत त्यांना बसवलं. बाबा त्यांना घरात गाय आहे का असं विचारत राहिले, आणि ते प्रत्येक वेळी नव्यानं उत्तर देत राहिले. मग त्यांनी कप खाली ठेवला. संध्याकाळची बस गाठायला हवी, म्हणाले. उद्या तिकडे ऊन पडलं तर कळवायला घरात कुणीतरी हवं. दवाखानाही आहे.

ते बरोबर होतं. त्यांचं काम तिथे, माझं माणूस इथे. आमच्यात हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझी नजर खिडकीतल्या त्या काळ्या भिंतीवर गेली. रोज उन्हाची वाट बघणारी मी. देवाकडे स्वतःसाठी काही मागायची मला सवय नाही. मागायला लागलं की शेवट होत नाही, आई म्हणायची.

"उद्याही ढगच असू देत," मी म्हटलं.

अगदी हळू म्हटलं. पण न बोलणाऱ्यांचं ऐकायची सवय असलेला माणूस तो. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

ते उठले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी दार उघडलं, बाहेर ठेवलेले आपले भिजके बूट उचलून आत आणले, आणि बाबांच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवले.