डावं चाक पप्पांचं

वाघोलीच्या गॅरेजमध्ये पूर्वा नुसती चहा प्यायला आली नव्हती, हे तिच्या वडिलांना, रतनरावांना ठाऊक होतं. आणि गॅरेजवाल्या प्रज्ञेशलाही. बापलेकीच्या ट्रकचं लॉकिंग हब, म्हणजे चिखलात पुढच्या चाकालाही इंजिनाचा जोर देणारा भाग, उघडून तो जुनं, चिकट झालेलं ग्रीस पुसत होता.

"एवढंसंच नवीन लावणार?"

"जास्त लावलं की आत अडकतं. प्रेमाचंही तसंच..."

"पुरे! पप्पा ऐकतायत."

"मी बहिरा आहे," रतनराव पेपरामागून म्हणाले.

प्रज्ञेशनं झाकण बसवलं आणि तिचा हात धरून मधली चकती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवली. कट्! "आता चाक आणि अ‍ॅक्सल एक झाले. पण दोन्हीकडचं लॉक लागतं हं. एकच केलं, तर सगळा जोर मोकळ्या बाजूनं निसटतो." मग हळूच... "लग्नाचं कधीचं विचारलंय. उत्तर?"

"उद्या," ती हसली.

बापलेकीची रीत ठरलेली. पुढे चिखल दिसला की दोघं चाकं लॉक करायला उतरायची. उजवं चाक तिचं, डावं त्यांचं. आपलं झालं की रतनराव बॉनेटवर थाप मारायचे, मगच ती गाडी पुढे काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनराव उठलेच नाहीत.

विश्रांतवाडीचं घर माणसांनी भरलं, त्रिसरण-पंचशील झालं, आणि पूर्वा येईल त्याला चहा विचारत राहिली. रडली नाही. त्यांना कुणाचा फोन आला, तर म्हणायची, "पप्पा घरी नाहीत."

पुढे एकदा पप्पांच्या नर्सरीतली रोपं पोचवायला ती ट्रक घेऊन निघाली. प्रज्ञेश शेजारी बसला. शेताच्या तोंडाशी पाइप फुटून चिखल झाला होता. तिनं उतरून उजवं लॉक केलं, परत येऊन बसली... आणि थांबली.

"काय गं?"

तिनं गिअर टाकला. मागची चाकं जागीच फिरली, पुढची ढिम्म.

"डावं केलंस का?"

"ते पप्पा —"

ती इतका वेळ थापेची वाट बघत होती.

प्रज्ञेश उतरला. डावीकडून कट् असा आवाज आला. तो समोर आला, बॉनेटवर मारायला हात उचलला... आणि मारला नाही. तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला.

पूर्वानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"प्रज्ञेश... पप्पा गेले रे."

"हो गं."

"पप्पा गेले! आणि तुला माझं उत्तर — हो. मार आता थाप."