अर्धी भूक

मिरजेच्या क्षुधा-संशोधन प्रयोगशाळेत कौस्तुभबुवा औंधकर काट्यावर चढले आणि आकडा बघून डॉ. शाहीन मुजावरांनी चष्मा पुसला. एकशे तीन. महिन्यापूर्वी शंभर होते.

"उतरायचं होतं ना हो?" त्यांच्या पत्नी केतकीबाई म्हणाल्या.

बुवांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. नव्वदीच्या आत आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बसून कीर्तन करा, असं कुणी सुचवलं की बुवा उसळायचे. "बसून केलं तर ते प्रवचन झालं! कीर्तनकार उभाच हवा."

म्हणून क्षुधासेतू. दोघांच्याही कानामागे तांदळाएवढी एकेक कळ बसवली होती.

"शाहीनताई, तुमचं गणित पुन्हा सांगा पाहू," बुवा म्हणाले.

"भूक मारता येत नाही बुवा, वाटून घेता येते. तुमची भूक दहा, काकूंची दोन. बेरीज बारा. सेतू दोघांनाही सहा-सहा देतो. तुम्हाला कमी लागते, काकू निभावून नेतात."

"माझी दोनच?" केतकीबाईंनी विचारलं.

"तुमच्या बारीक अंगाकडे बघून धरली आम्ही."

डॉक्टरांनी दोघांचे भूकलेख पडद्यावर लावले आणि त्या जवळ सरकल्या. "हे बघा. साडेबाराला बुवा जेवायला बसतात. दोन भाकऱ्यांत यांची स्वतःची भूक शून्य. तरी सेतूतून पाच येतेच आहे. तिसरी भाकरी, चौथी... पाच हलत नाही. आणि दीड वाजता, ताट घासून पालथं पडल्यावर, एकदम खाली! ही भूक तुमची नाही बुवा."

बुवा बायकोकडे वळले. "साडेबाराला तू काय करत असतेस गं?"

"भाकऱ्या थापत असते. तव्यावरची ताटात पडली नाही तर तुमच्या घशाखाली उतरते का?"

"आणि जेवतेस कधी?"

"तुमचं झालं, आवरलं, की." त्या हसल्या. "हल्ली तर दीडपर्यंत सहज निघतं. मला वाटलं, वयानं भूक मंदावली."

"मंदावली नाही काकू," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची साडेबाराची भूक दहा आहे. अर्धी बुवा सोसत होते, म्हणून तुम्ही थांबू शकत होतात."

बुवा मटकन स्टुलावर बसले. चौतीस वर्षं ते भुकेल्या अतिथीचं आख्यान लावत होते. गावोगावची माणसं पदरानं डोळे पुसत. आणि त्यांच्या ताटापासून चार हातांवर, तव्यापाशी, दहाची भूक उभी होती.

"काकूंकडून येणारी वाट बंद करून देते," डॉक्टर म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम."

"छे छे! हात लावू नका," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यापाशी उंच स्टूल ओढलं. पहिली भाकरी तुटली, दुसरी करपली.

"अहो, ही भाकरी आहे की कोकणचा नकाशा?"

"मुकाट्यानं खा. गरम आहे तोवर."

त्या जेवत गेल्या तसं बुवांचं पोट निवत गेलं. त्यांची पाळी आली तेव्हा एका भाकरीत भागलं. काट्यावर वजन उतरू लागलं. दिवाळीआधी गुडघे बदलले.

रामनवमीला बुवा उभे राहिले, गळ्यात हार, हातात झांज. त्यांचं स्वतःचं पोट फलाहारानं भरलेलं होतं. आख्यान ऐन रंगात आलं, अतिथी दारात येऊन उभा राहिला, आणि बुवांच्या पोटात खड्डा पडला.

त्यांनी झांज थांबवली. तबला अडखळला, मंडप गप्प झाला. समोर पहिल्या रांगेत केतकीबाई बसल्या होत्या, सकाळपासून पाहुण्यांना वाढून दमलेल्या.

"अगं, तू जेवली नाहीस."

"आरतीनंतर जेवीन," त्या लाजून पुटपुटल्या. "तुम्ही चालवा ना!"

"आधी जेव. मंडळी, तोवर आपण नामगजर करू."

हशा पिकला, मग टाळ्या. कुणीतरी धावत पानात खिचडी आणली. हजार गळ्यांतून नाम उठलं. बुवा नव्या गुडघ्यांवर ताठ उभे राहून वाट बघत होते. केतकीबाईंनी पहिला घास घेतला, आणि बुवांनी डोळे मिटले.