उरला रोडवरून ते हलणार नाहीत

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मी स्वतः तिथे होते. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं.

साल २००३. डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. जागा... रायपूरचा उरला रोड.

मी स्नेहल. तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कॉलेजसाठी रायपूरच्याच गुढियारी भागात मावशीकडे राहायचे. सुशीला मावशी शाळेत आया होती. रामकृष्ण काका उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर. मूळचे अमरावतीकडचे, पण वीस वर्षं इथेच काढलेली. बावीस इंची काळी सायकल, डोक्याला मफलर, आणि सकाळी सहाची पाळी.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीनच वर्षं झाली होती. नवे बंगले, नवे ठेकेदार, नव्या गाड्या... रस्ते मात्र तेच जुने.

त्या दिवशी काका पाच वाजता निघाले. एकटे. मावशीने स्वतः फाटकाची कडी लावली.

साडेपाचच्या सुमारास, तलावाजवळच्या वळणावर, मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं.

गाडी थांबली नाही.

काका अर्धा तास रस्त्यावर पडून होते. ट्रक बाजूने वळसा घालून जात राहिले. कोणी उतरलं तेव्हा सगळं संपलं होतं.

ठाण्यात कागदावर दोन शब्द लिहिले गेले. अज्ञात वाहन.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिरालाल घरी आला. त्या वळणाजवळ त्याची चहाची टपरी होती. सोबत दोन ट्रकवाले.

"भाभी, बुरा मत मानना," तो दारातच म्हणाला. "भैया गए नहीं हैं."

रोज साडेपाचला त्या वळणावर मागून सायकलची घंटी वाजते, म्हणाला. वळून पाहिलं तर कोणी नसतं. एक ट्रक घाबरून शेतात उतरला. आता सगळ्यांनी मिळून बैगाला, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाला, बोलावलं होतं. तो मंत्र म्हणून तिथल्या कडुलिंबात खिळा ठोकणार होता, म्हणजे काका बांधले जातील. त्यासाठी काकांचा एक शर्ट हवा होता.

मावशी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"जिवंत होते तवा तुमच्या गाड्यायनं यायले रस्ता नाही देला. आता मेल्यावर बी हाकलून राहिले?"

"भाभी, वो भटक रहे हैं..."

"भटकून नाही राहिले. ड्युटीवर चालले ते. ज्याले भेव वाटते त्यानं घरी बसावं." तिचा आवाज जराही हलला नाही. "शर्ट भेटत नाही. खिळा ठोकाचा असन तर ज्यानं उडवलं त्याच्या दारात ठोका."

तिघंही निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवलं.

"सायकल काढ."

"काहून?"

"यायले भेटाले."

तिने काकांचीच सायकल घेतली. वाकलेलं चाक तिने सरळ करून आणलं होतं. घंटी अपघातात तुटली होती, ती काही बसवली नव्हती. माझ्याही सायकलला घंटी नव्हती.

हे लक्षात ठेवा.

धुकं इतकं होतं की पुढचा खांब दिसत नव्हता. मिलची धडधड लांबून ऐकू येत होती. कुत्री भुंकत होती. ट्रक जात होते.

तलाव आला... आणि सगळं बंद झालं.

मिलचा आवाज नाही. कुत्री नाहीत. माझ्या स्वतःच्या सायकलची चेनही वाजेना.

मग मागून...

ट्रिंग.

मी मान वळवायला गेले.

"मांगं पाहू नको," मावशी म्हणाली. "चाल."

ट्रिंग... ट्रिंग.

आता अगदी जवळ. कोणीतरी आमच्या उजव्या बाजूने आलं, जिकडून ट्रक जातात त्या बाजूने. काही दिसलं नाही. ग्रीसचा वास मात्र आला, काकांच्या कपड्यांना यायचा तसा.

"मावशी, कोणी आहे गं..."

"हव. आहे. असू दे."

वळणावर एक पांढरी जीप उभी होती. इंजिन चालू, दिवे चालू. आत पंचविशीतला एक माणूस स्टेअरिंग घट्ट धरून बसला होता. तो ॲक्सिलरेटर दाबत होता. इंजिन गुरगुरत होतं. चाकं जागची हलत नव्हती.

मावशी उतरली आणि काचेवर थाप मारली.

"खाली उतर."

त्याने काच खाली केली. थंडीतही त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"मैं तो इस रास्ते आता ही नहीं, अम्मा. पंद्रह दिन से नहीं आया. आज गाड़ी अपने आप मुड़ गई..." तो रडायला लागला. "मैंने उन्हें देखा था. वो हिल रहे थे. मैं रुका नहीं."

मला वाटलं, मावशी त्याला मारेल. तिने मारलं नाही.

"नाव?"

"संग्राम."

"गाडी इथंच राहू दे, संग्राम. ठाण्यापर्यंत पायी चाल."

दोन किलोमीटर. तो पुढे, मावशी त्याच्या मागे आणि मी शेवटी. आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत होतो. त्याचा बाप मोठा ठेकेदार निघाला. ठाण्यातल्या साहेबाने नाव ऐकून पेन खाली ठेवलं आणि मावशीला म्हणाला, "दीदी, घर जाइए. हम देख लेंगे."

मावशी समोरच्या बाकावर बसली. "लिहा. मी पाहून राहिली."

त्याला लिहावं लागलं. पोरगा स्वतःच सगळं सांगत होता. गाडी कोणती, वेग किती, कुठे वळली. आणि मग तो म्हणाला...

"साइकिल पे दो लोग थे."

साहेबाने वर पाहिलं.

"पीछे कैरियर पे एक औरत थी. हरी साड़ी. वो मुझे ही देख रही थी. टक्कर के बाद वो भी गिरी थी."

तिथे दुसरं कोणी सापडलं नव्हतं. ना माणूस, ना चप्पल, ना रक्ताचा थेंब. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

क्षणभरच.

"हे बी लिहा," ती म्हणाली.

"दीदी, ये क्या लिखें? ये तो पागलपन है."

"तिले बी कोणी तरी उडवलं असन. तिच्या कागदावर बी अज्ञात लिहिलं असन. नाव शोधा तिचं."

साहेबाने ते लिहिलं नाही. संग्रामला शिक्षा झाली, पुढे तो सुटलाही. मावशी अजून दर महिन्याला ठाण्यात जाते, जुन्या फायली काढायला लावते. आजवर पाच साहेब बदलले, ती बदलली नाही. खिळा काही तिने ठोकू दिला नाही. वळणावर घंटी वाजते, आणि गाड्या आपोआप हळू होतात.

पण एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

त्या सकाळी वळणापासून माझी सायकल जड झाली होती. ढकलता ढकलता दंड भरून आले. मला वाटलं हवा गेली असेल. वाकून पाहिलं... टायर टणक होतं.

ठाण्याच्या पायरीशी पोचलो तेव्हा कॅरिअरची स्प्रिंग कर्र करून वाजली. कोणी खाली उतरावं तशी.

आणि सायकल एकदम हलकी झाली.