बुजगावण्याचा उजवा हात

कंदील जरा जवळ घ्या, भाऊ. भ्यायचं काही कारण न्हाई. मी बी भ्यालो न्हवतो.

त्रेपन्न साल. लायसनची परीक्षा घ्यायला साहेब दुपारी जालन्यात येणार होते. पास झालो तर शांतिलाल शेठची सरकीची लारी माझ्या हाती, नापास झालो तर शेठच्या मेहुण्याच्या. अन् नेमकं त्याच दिवशी माझ्या उजव्या काखेत लिंबाएवढं गळू. लारीला इशाऱ्याचे दिवे कुठले तेव्हा? उजवीकडं वळायचं, हात बाहेर काढायचा. डावीकडं, तर गोल फिरवायचा. थांबायचं, वर करायचा. मागच्याला पुढं जाऊ द्यायचं, तर मागून पुढं हलवायचा. माझा हात तर खांद्याएवढा बी उठंना.

मला लारी शिकवणाऱ्या पाशामियाँ उस्तादांनी काखेत हळदीचं पोटीस बांधलं. "बेटा, आज रहने दे."

"उस्ताद, एक हातच कमी हाय ना? घेऊन येतो की."

अंबडच्या रस्त्याला, वळणावर, पुंजारामच्या ज्वारीत एक बुजगावणं होतं. त्याच्या अंगात पुंजारामच्या भावाचा, बद्रीनाथ ड्रायव्हरचा खाकी सदरा. बद्रीनाथ त्याच वळणावर लारीसकट नाल्यात गेल्ता. मी बुजगावण्याचा उजवा हात बाहीसकट उपटून आणला.

"मुरदे का हाथ है रे..." उस्ताद पुटपुटले.

"ड्रायव्हरचा हाय, उस्ताद. शिकवायची गरज न्हाई."

हात खिडकीला बांधला, मनगटाची सुतळी आत घेऊन बोटाला गुंडाळली. वरून शाल. साहेबांना सांगितलं, ताप हाय.

साहेब शेजारी बसले. वारा बिलकुल न्हवता. ज्वारीचं एक पान हलंना.

"उजवीकडं घ्या."

सुतळी ओढली. हात बाहेर गेला.

"आता डावीकडं."

इथं माझी पंचाईत. सुतळीनं हात गोल कसा फिरणार? पण फिरला. सावकाश... बराबर गोल. मी बोटाकडं बघितलं. सुतळी तुटून मांडीवर पडली होती.

"छान," साहेब म्हणले.

पुंजारामच्या वळणावर आलो अन् हात सरळ वर गेला. मी ब्रेक दाबला.

"थांबायला कोणी सांगितलं?"

"साहेब... हातानं."

मंग हात मागून पुढं हलायला लागला. आरशात रस्ता रिकामा. तरी खिडकीला घासून काहीतरी गेलं... जळक्या रबराचा वास, मागोमाग ओल्या चिखलाचा. पुढं धुळीत चाकांचे माग उमटत गेले, उमटत गेले, अन् नाल्यात उतरले.

साहेबांनी चष्म्यावरची धूळ पुसली. सही केली.

"साइड बराबर दिली. पास."

संध्याकाळी हात परत लावायला गेलो. घेतलेली वस्तू जागेवर ठेवावी माणसानं. तर खिडकीला नुसती सुतळी लोंबत होती. तिकडं शेतात बुजगावण्याला दोन्ही हात. उजव्या काखेत हळदीचं पोटीस, अजून ओलं.

मी माझी काख चाचपली. गळू न्हाई, दुखणं न्हाई. हात झोकात वर उठला.

लारी मलाच मिळाली. तेव्हापासून इशारा एकदा बी चुकला न्हाई. मला वळायचंय हे मला कळायच्या आधी हात बाहेर गेलेला असतो. फक्त घरात बसलो की कधी कधी... हे बघा, उठला. मागून पुढं हलून राह्यला.

दाराकडं पाठ हाय तुमची, भाऊ. वळून बघू नका. जरा भिंतीकडं सरका... त्याला जाऊ द्या.